तासाला पाच लिटर, एकराला तेरा: एका ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशोब

नवा ट्रॅक्टर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आमची एकत्रातली शेती ३० एकर. तिच्यावर ५० एचपीचा एकच ट्रॅक्टर, टू व्हील ड्राइव्ह, नऊ वर्षं वापरलेला. दोन हंगाम दादाची एकच तक्रार होती: ट्रॅक्टर डिझेल फार पितो, इंजिन थकलंय, हा देऊन ६० चा घेऊ. दादा माझा थोरला भाऊ, ट्रॅक्टर तोच चालवतो. हिशोबाची वही माझ्याकडे. वहीतला डिझेलचा आकडा खरंच चढत चालला होता, त्यामुळे त्याला नाही म्हणायला माझ्यापाशी काही कारण नव्हतं.

एकच गोष्ट खटकत होती. "फार म्हणजे किती?" असं विचारलं की दादा म्हणायचा, "नांगरटीला तासाला पाच लिटर." आता ५० एचपीच्या ट्रॅक्टरला नांगरटीत तासाला पाच लिटर हे जास्त नाही. असं इंजिन पूर्ण लोडवर चाललं तर तासाला दहा लिटरच्या आसपास जाळतं. म्हणजे आमचं इंजिन साधारण निम्म्या लोडवर चालत होतं आणि तरी टाकी लवकर आटत होती. तासाचा आकडा ठीक आणि हंगामाचा आकडा वाईट, याचा अर्थ कामाला तासच जास्त लागत होते. मग दोष इंजिनात कसा?

दादाला म्हटलं, "दादा, एक आठवडा थांब. तासाला किती ते सोडून देऊ, एकराला किती लागतं ते बघू." तो थांबला. हे लिहिण्याजोगं प्रकरण झालं ते त्याच्या त्या थांबण्यामुळे.

मोजलं कसं

मोजायला काही विकत आणावं लागलं नाही. ट्रॅक्टर शेडच्या सिमेंटवर, नेहमी त्याच जागी, सपाट उभा करायचा. टाकी गळ्यापर्यंत भरायची. फेस बसू द्यायचा, पुन्हा भरायची. ठरलेलं क्षेत्र करून यायचं आणि त्याच जागी उभा करून मापाच्या कॅनने किती डिझेल मावतं ते बघायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या एकरावर मोजलं तर आकडा नुसता उड्या मारत होता, कारण टाकीत हवा राहिली की अर्धा लिटर इकडचा तिकडे होतो. तेव्हापासून दोन एकरांपेक्षा कमी क्षेत्राचं मोजमाप वहीत घेतलंच नाही. एकाच वावराचे शेजारी-शेजारी पट्टे घ्यायचे, ओल सारखी असेल अशाच दिवशी घ्यायचे, आणि खोली पट्टीने मोजून लिहायची. खोली लिहिली नाही तर नांगरटीच्या डिझेलच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही, हे पुढे कळेलच.

पहिला आकडा आला: दोन फाळी पलटी नांगर, १० इंच खोली, भारी चिकण जमीन, तासाला ५.२ लिटर, आणि एकराला १२.९ लिटर. एक एकर नांगरायला अडीच तास.

हे अडीच तास कुठे जातात? नांगराची कामाची रुंदी ६१ सेंटीमीटर. दादाच्या नेहमीच्या गिअरमध्ये आणि रेसवर ट्रॅक्टर मोकळा ताशी ५ किलोमीटर चालतो. गुणाकार केला तर तासाला पाऊण एकर व्हायला हवा. होत होता ०.४० एकर. जवळजवळ निम्मं काम वाटेत हरवत होतं.

खडूची खूण

त्याचा शोध एका खडूने लागला. मागच्या मोठ्या टायरच्या बाजूला वरून खालपर्यंत खडूची जाड रेघ ओढली. दादाने नांगर उचलून धरला आणि नांगरायच्या त्याच जमिनीवरून ट्रॅक्टर चालवला. मी चाकाच्या बाजूने, अंतर ठेवून चालत रेघ खाली आली की मोजत होतो. दहा फेरे झाले तिथे खुंटी ठोकली. सुरुवातीच्या खुंटीपासून अंतर ४१ मीटर. मग शेजारच्या तासात (नांगराच्या ओळीत) नांगर लावून तेवढंच अंतर, तोच गिअर, तीच रेस. दहा झाले, खुंटी अजून लांब. अकरा, बारा, तेरा. खुंटीपाशी पोहोचलो तेव्हा चौदावा फेरा पूर्ण झाला होता.

दादा खाली उतरला, मागे वळून चाकाच्या खुणेकडे बघत राहिला. टायरच्या नक्षीचा ठसा मातीत उमटलाच नव्हता, त्या जागी खरवडलेली, चकाकणारी माती होती. "मला वर बसून कधी जाणवलंच नाही," तो म्हणाला. ते खरं आहे. टायर जागेवर फिरून धूळ उडवतो तेव्हा सगळ्यांना दिसतं, पण चौदात चार फेरे वाया जातात ते सीटवर बसून कळत नाही. इंजिनाचा आवाज तोच, काटा तोच, ट्रॅक्टर पुढेही जात असतो.

चौदा फेऱ्यांपैकी चार फुकट म्हणजे २९ टक्के स्लिप. नांगरटीला चाक थोडं सरकणारच, साधारण ८ ते १५ टक्के सरकणं योग्य धरतात. त्याहून बरंच कमी सरकत असेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे आणि ते वजन ओढण्यात डिझेल जातंय. १५ च्या वर गेलं की डिझेल टायर झिजवण्यात आणि माती दाबण्यात जातं. आमचं जवळजवळ दुप्पट होतं.

एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, घरच्या मीटरवरचं युनिट असतं तेच. त्यातली दोनतृतीयांश ऊर्जा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते, ती कुठल्याच इंजिनाला चुकत नाही. उरलेली तीन-साडेतीन युनिटं चाकांपर्यंत येतात. तिथून नांगराला किती मिळतात हे चाक आणि मातीचं कसं जमतं त्यावर अवलंबून असतं. जमलं तर दोनापेक्षा जास्त, नाही जमलं तर दीड. इंजिनाच्या आत आम्हाला काही करता येण्यासारखं नव्हतं. चाकाखाली मात्र बरंच काही होतं.

चाकाखालची दुरुस्ती

स्लिपची कारणं चार निघाली, आणि चारही आमच्याच हातची.

पहिलं, मागचे टायर. नक्षीच्या पट्ट्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढ्याही उरल्या नव्हत्या. नऊ वर्षांत ट्रॅक्टरने शेतापेक्षा डांबरी रस्त्यावर जास्त टायर झिजवले होते. आम्ही दोन नवे टायर घातले. या प्रकरणात एवढाच मोठा खर्च झाला, आणि नव्या ट्रॅक्टरच्या मानाने तो किरकोळ होता.

दुसरं, हवा. ट्रॉलीसाठी भरलेली २६ पौंड हवा वर्षभर तशीच असायची. इतकी फुगलेली टायर मातीवर मधल्या पट्टीवरच टेकते. पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे शेतातल्या कामासाठी १४ वर आणली, तेव्हा टायरचा ठसा डोळ्यांना दिसेल इतका लांब आणि रुंद झाला. इथे एक सांभाळायचं: कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली तर टायरची बाजू चिरते. म्हणून हवेचा गेज आणि पंप आता शेडमध्ये दाराशीच टांगलेला असतो. हवा बदलायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं दादाला आता जड वाटत नाहीत.

तिसरं, वजन. टायरमध्ये पाणी भरलेलं आहे असं आम्ही समजत होतो. व्हॉल्व्ह खाली आणून पिन दाबली तर एका चाकातून चूळभर पाणी आलं, दुसऱ्यातून नुसती हवा. कधीतरी पंक्चर काढताना पाणी गेलं आणि पुन्हा कोणी भरलंच नाही. नव्या ट्यूबमध्ये व्हॉल्व्ह वर ठेवून तीनचतुर्थांश पाणी भरलं. (जिथे पाणी गोठतं तिथे नुसतं पाणी चालत नाही, त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळावं लागतं.) पुढच्या बंपरला वजनाच्या पाट्या लावल्या, नाहीतर नांगर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही.

चौथं कारण फुकट सुटणारं होतं, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सीटच्या उजव्या बाजूला हायड्रॉलिकचे दोन दांडे असतात, एक पोझिशन कंट्रोलचा आणि दुसरा ड्राफ्ट कंट्रोलचा. नऊ वर्षं आमचा दुसरा दांडा एकाच जागी होता, त्याच्या खाचेत माती घट्ट बसलेली. नांगर पोझिशनवर बांधून चालवला की तो एका उंचीवर अडकून राहतो. कडक जमीन आली की ओढा वाढतो आणि चाक सरकतं. ड्राफ्टवर चालवला की वाढलेला ओढा टॉप लिंकमधून (नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांड्यातून) हायड्रॉलिकला कळतो. लिफ्ट नांगर किंचित उचलून धरते आणि त्या क्षणी नांगराचं आणि त्याच्यावर चढलेल्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं. जास्त पकड हवी असते नेमकी तेव्हाच ती मिळते. ही हॅरी फर्ग्युसन या ट्रॅक्टर-संशोधकाची युक्ती. १९३९ साली आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन ट्रॅक्टरबरोबर ती दूरवर पोहोचली, आणि हलक्या ट्रॅक्टरला जड नांगर ओढता येऊ लागला. आमच्या ट्रॅक्टरवर ती पहिल्या दिवसापासून होती.

शिवाय फाळ बदलले. टोकं बोथट होऊन गोल झाली होती, त्यामुळे नांगर जमिनीत घुसायला दाब मागत होता. टॉप लिंक जुळवली आणि नांगर ट्रॅक्टरच्या मध्याशी येईल असा सरकवला, तेव्हा दादाला स्टेअरिंग सतत एका बाजूला दाबून धरावं लागायचं ते थांबलं.

मग पुन्हा खडू. तेच ४१ मीटर, तीच १० इंच खोली. या वेळी खुंटीपाशी बारा फेरे झाले. स्लिप २९ वरून १७ टक्क्यांवर आली. पंधराच्या आत यावी अशी इच्छा होती, पण दहा इंच खोलीला या वजनाच्या ट्रॅक्टरकडून तेवढी मिळाली नाही.

वळणांचा वेळ

याच वेळी आणखी एक बदल केला. आमचं मोठं वावर १०० मीटर बाय २०० मीटर, जेमतेम पाच एकर. रस्त्याच्या बाजूने शिरतो म्हणून नांगरट वर्षानुवर्षं आखूड बाजूने व्हायची. ६१ सेंटीमीटरच्या नांगराला आखूड बाजूने ३२८ फेऱ्या मारून तितक्याच वेळा वळावं लागतं. लांब बाजूने निम्म्या, १६४. एका वळणाला अर्धा मिनिट धरला तरी नुसत्या दिशेने एक तास वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि वळताना नांगर हवेत असतो. उतार मात्र आधी बघायला हवा. लांब बाजू उताराच्या दिशेने असेल तर तास पाण्याचे पाट होतात आणि डिझेलपेक्षा कितीतरी मोलाची माती वाहून जाते. आमची लांब बाजू सुदैवाने उताराला आडवी होती.

दादाने एक गिअरही बदलला, मोकळा वेग ताशी ५.२ किलोमीटर. एवढं सगळं करून पुन्हा पाच एकरांवर टाकीचं मोजमाप घेतलं.

तासाला ५.४ लिटर.

दादाचा चेहरा उतरला. एवढे टायर, एवढी खटपट, आणि आकडा वाढला! मी घड्याळाची नोंद पुढे केली. पाच एकर नऊ तास वीस मिनिटांत संपले होते. तासाला ०.५४ एकर. म्हणजे एकराला १०.१ लिटर. जुन्या पद्धतीने त्याच वावराला बारा तासांहून जास्त लागत होते.

हे त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही, वहीतल्या दोन ओळी त्यानेच दोनदा वाचल्या. ट्रॅक्टर बघायला गेलं की विकणारा आणि घेणारा दोघेही "तासाला किती?" हेच बोलतात. सैल चालणारा ट्रॅक्टर तासाला कमी जाळतो आणि एकराला जास्त. चांगलं जुळलेलं यंत्र तासाला थोडं जास्त जाळेल, कारण त्याची ताकद कामाला लागलेली असते. आम्ही तासाच्या आकड्यावर भरवसा ठेवून फार मोठा खर्च करायला निघालो होतो.

१२.९ मधून १०.१ मध्ये स्लिपचा वाटा किती आणि वळणांचा किती, हे वेगळं काढलेलं नाही. दोन्ही एकदम बदललं. पुन्हा करायचं झालं तर एकेक बदलून मोजेन.

दहा इंच कशाला?

मग खोलीचा प्रश्न आला. एक एकर जमीन एक इंच खोल उलथायची म्हणजे सुमारे १०० घनमीटर माती हलवायची. वजनात सव्वाशे ते दीडशे टन. प्रत्येक इंचाला. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं. दहा इंचांच्या जागी साडेसात इंच नांगरलं तर एकरी तीनशेहून जास्त टन माती उलथायची राहते.

आम्ही दहा इंच का नांगरत होतो? वडील नांगरायचे म्हणून. खाली कडक थर आहे का हे कुणी पाहिलंच नव्हतं. पावणेदोन फूट लांबीची टोकदार सळई घेऊन वावरात पंधरा-वीस ठिकाणी दाबून पाहिली. एका कोपऱ्यात, ट्रॉली भरायला उभी राहते तिथे, आठ इंचांवर सळई अडली. बाकी सगळीकडे ती सरळ खाली गेली. कोपरा सोडून बाकी क्षेत्राची खोली साडेसात इंचांवर आणली. एकराला ८.३ लिटर.

पिकावर याचा परिणाम काय होईल, हे एका हंगामावरून बोलणं मला मान्य नाही. म्हणून मोठ्या वावरात अर्ध्या एकराचा पट्टा अजून दहा इंचावरच ठेवला आहे. या हंगामात उगवणीत आणि वाढीत दोन्हीकडे डोळ्यांना फरक दिसला नाही. पट्टा आणखी दोन वर्षं तसाच राहील. हलक्या जमिनीच्या चार एकरांवर तर पुढच्या वर्षी नांगर लावायचाच नाही, असा विचार चालू आहे. तण किती चढतं ते बघून ठरवू.

वाफसा

रोटाव्हेटरचं (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणाऱ्या अवजाराचं) प्रकरण टायरांपेक्षा जुनं आणि जास्त मनाला लागणारं आहे. आमच्याकडे रोटाव्हेटरचे दोन हात, म्हणजे दोन फेऱ्या, व्हायच्या, पहिल्याला एकरी ६.५ लिटर आणि दुसऱ्याला ४.५. अकरा लिटर, म्हणजे नांगरटीच्या जवळपास. दुसरा हात का? ढेकळं फुटत नाहीत म्हणून. ढेकळं का राहतात? जमीन ओली असताना नांगरतो आणि पार वाळल्यावर रोटाव्हेटर घालतो म्हणून.

वाफसा म्हणजे काय हे शेतात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, हातातून सोडला तर फुटतो, बोटांना चिखल लागत नाही. चिकण जमिनीला ही स्थिती फार दिवस मिळत नाही, कधी तीन दिवस, कधी चार. त्या दिवसांत आमचा ट्रॅक्टर नांगरटीत अडकलेला असायचा, कारण एकराला अडीच तास लागत होते. नांगरट लवकर उरकायला लागली तसा रोटाव्हेटर वाफशावर घालता आला, आणि एका हातात काम झालं. एकरी ६.२ लिटर. दुसऱ्या हाताचे साडेचार लिटर सगळेच वाचले. एवढी मोठी बचत मला एकाही सुट्या भागात सापडली नाही. न मारलेल्या फेरीला डिझेल लागत नाही, आणि ती फेरी न मारता येणं हे जमिनीच्या ओलीवर असतं.

रोटाव्हेटरचा मागचा पत्रा खाली ठेवायचा की वर, यानेही फरक पडतो. खाली दाबून ठेवला की माती आत पुन्हा पुन्हा आपटते, बारीक होते, आणि इंजिनावर लोड चढतो. पेरणीला पीठासारखी माती लागत नाही. आम्ही पत्रा थोडा वर घेतला.

गिअर वर, रेस खाली

पेरणी, मोगडा (दात्यांच्या अवजाराने माती सैल करणं), रिकामी ट्रॉली ही हलकी कामं. दादा तीही दोन हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) करायचा. इंजिन फिरवायलाच डिझेल लागतं, काम असो वा नसो. पिस्टनचं घर्षण, पंखा, पंप यांची भूक आरपीएमबरोबर वाढते. हलक्या कामाला एक-दोन गिअर वरचा टाकून रेस कमी केली तर जमिनीवरचा वेग तोच राहतो आणि डिझेल कमी जातं. हे काही नवं नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ साली ट्रॅक्टर चाचणीचा कायदा केला आणि १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. त्या अहवालांत अर्ध्या आणि पाऊण ओढीच्या नोंदी दोन प्रकारे असतात, पूर्ण आरपीएमवर आणि कमी आरपीएमवर. दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्या की मुद्दा आपोआप कळतो.

आमच्याकडे पेरणी ३.१ वरून २.५ लिटरवर आली, मोगडा ४ वरून ३.३ वर. मोगड्याच्या मागेच फळी बांधली, त्यामुळे सपाटीची वेगळी फेरी गेली.

पण यात एकदा चूकही झाली. बचत दिसली तशी दादाने मोगड्याला रेस आणखी खाली आणली. एका कडक पट्ट्यात ट्रॅक्टर दबला, सायलेन्सरमधून काळा धूर आला, आणि तो तसाच ओढत नेला. तापमानाचा काटा लाल पट्टीजवळ गेला तेव्हा थांबला. इंजिनाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. आता त्याचा नियम असा आहे: चालू कामात रेस किंचित वाढवून बघायची. इंजिन लगेच उचललं तर ठीक. नाही उचललं किंवा धूर काळा झाला तर खालचा गिअर. पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या) कामाला हा मार्ग सरळ वापरता येत नाही, तिथे ५४० आरपीएम राखावेच लागतात. आमच्या ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओचा दांडा आहे, त्यावर तेच ५४० आरपीएम इंजिनाच्या कमी फेऱ्यांत मिळतात. फवारणीला आम्ही तो वापरू लागलो. रोटाव्हेटरला नाही, तिथे लोड जास्त असतो.

बॅटरी

वहीत एक आकडा कुठेच बसत नव्हता. मोजून केलेल्या कामांची बेरीज आणि महिन्याला आणलेलं डिझेल यांत अंतर पडत होतं. मी दोन दिवस शेतात बसून घड्याळ लावलं. जेवायला बसताना, बियाणं भरताना, कुणाशी बोलताना, नटबोल्ट आवळताना ट्रॅक्टर चालूच. दिवसाचा दीड तास. उभ्या इंजिनाने तासाला १.३ लिटर घेतलं.

"दादा, बंद का करत नाहीस?"

"आणि परत सुरू नाही झाला तर? धक्का मारायला कोण येणार तिथं?"

बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली होती. सकाळी एकदा सेल्फ कसाबसा लागायचा, म्हणून दिवसभर इंजिन बंद करायची त्याची छाती होत नव्हती. मला हे माहीत नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं, कारण डिझेल आणि बॅटरीचा संबंध त्यालाही जोडावासा वाटला नव्हता. बॅटरी बदलली. हंगामातले ट्रॅक्टरच्या कामाचे दिवस ४५ धरले तर हे सुमारे ८८ लिटर होतात.

मिस्त्रीकडेही ट्रॅक्टर एकदा दाखवला. त्यांनी धूर पाहिला आणि विचारलं, "डिझेलचा पंप वाढवून घेतला होता का तुम्ही?" घेतला होता, तीन वर्षांपूर्वी, ताकद वाढेल म्हणून. पंपाचं सील तुटलेलं होतं. इंजिनात हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, तर ते जास्तीचं काळा धूर होऊन जातं. त्यांनी पंप मूळ मापावर आणला, नोझल तपासले, एअर क्लीनर साफ केला. धूर गेला. यातून किती लिटर वाचले ते मी सुटं मोजलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही. डिझेलमध्ये टाकायची एक बाटलीही कुणीतरी दिली होती, ती दोन वेळा मोजून पाहिली. दोन्ही वेळा फरक टाकी भरण्याच्या चुकीपेक्षा लहान होता.

हंगामाची बेरीज

नांगरट, रोटाव्हेटर, मोगडा आणि पेरणी मिळून एकरी डिझेल ३१ लिटर होतं, ते २०.३ वर आलं. ३० एकरांवर ३२१ लिटर. उभ्या इंजिनाचे ८८ वेगळे, कारण मोजमापाच्या दिवशी ट्रॅक्टर उभा ठेवलाच नव्हता. या आकड्यांत एक मर्यादा आहे. पेरणीआधीचा पाऊस या हंगामात वेळेवर पडला आणि वाफसा बरा मिळाला. वाईट वर्षात रोटाव्हेटरचा दुसरा हात परत घालावा लागू शकतो.

६० एचपीचा ट्रॅक्टर घेतला असता तर काय झालं असतं? तो वजनाने जास्त, म्हणून स्लिप कमी झाली असती, आणि आम्ही म्हणालो असतो की नवं इंजिन चांगलं. हवा २६ पौंडच राहिली असती, ड्राफ्टचा दांडा मातीत रुतलेला, नांगरट आखूड बाजूने. आणि पेरणी-फवारणीला ६० एचपीचं इंजिन आणखी रिकामं फिरलं असतं. मोठा ट्रॅक्टर नकोच असं माझं म्हणणं नाही. ज्यांचं क्षेत्र मोठं आणि वाफशाचे दिवस थोडे त्यांना तो लागतो. आम्हाला लागत नव्हता.

ट्रॉलीचा हिशोब अजून झालेला नाही. रस्त्यावरच्या फेऱ्यांना एकर लावता येत नाही, तिथे टन आणि किलोमीटर मोजावे लागतील, आणि आमच्याकडे भरलेल्या ट्रॉलीचं वजन कधीच केलेलं नाही. येत्या काढणीला प्रत्येक फेरी काट्यावरून न्यायची असं ठरलंय. दादाने शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला, हवेच्या गेजशेजारी, खडूने तीन रकाने आखून ठेवले आहेत: वजन, अंतर, लिटर. खडू तोच आहे, टायरवर ओढलेला.